क्लच का घसरत होता

माझ्या धाकट्या भावाची गाडी आवाज करायची, पण पुढे जायची नाही. तिसऱ्या गिअरमध्ये त्याने अ‍ॅक्सिलरेटर पिळला की इंजिन गल्लीच्या टोकापर्यंत ओरडायचं, मागून निळा धूर निघायचा आणि गाडी मात्र आपल्या चालीनेच सरकायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. मेथी तशीच टाकून मी उठले. एवढी ताकद आत तयार होतेय आणि चाकापर्यंत पोचत नाही, तर ती मध्येच जाते कुठे, हा प्रश्न मला पडला आणि मग तो डोक्यातून जाईना. असं मला नेहमीच होतं. आई असती तर म्हणाली असती, हिला नसती उठाठेव फार.

आम्ही नवागामला राहतो. बापू, म्हणजे आमचे वडील, धुळ्याकडून तरुणपणी सुरतला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, फिटर झाले. मशीन बंद पडली की कारागीर त्यांना हाक मारायचे. लहानपणी मी त्यांच्यामागे बॅटरी धरून उभी असायची, त्यामुळे पाने, हातोड्या, ग्रीस यांची मला घाण वाटत नाही. आता मी साड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका फोल्डिंगच्या कारखान्यात कामाला जाते, पण घरातला मिक्सर, पंखा, शिलाई मशीन काहीही बिघडलं तर पहिलं मीच उघडते. कधी नीट होतं, कधी भंगारात जातं.

भाऊ लूमवरच काम करतो. त्याचा एकच शौक, ही गाडी. जुनी टू-स्ट्रोक, कुणाकडून तरी पडत्या भावात घेतलेली. तिचं मडगार्ड त्याने वर उचललंय, सायलेन्सर वर वळवलाय, जाड गाठींचे टायर बसवलेत. डिंडोलीच्या पुढे बांधकामासाठी मातीचे भराव टाकलेली मोकळी जागा आहे, तिथे पोरं अशा गाड्या उडवतात. थंडीत एक रविवार ठरवून शर्यत लावतात. बक्षीस म्हणजे एखादी ट्रॉफी आणि पुढच्या वर्षापर्यंत चहाच्या टपरीवर मिळणारा मान. भाऊ दोनदा पहिला आलेला होता. त्या भागातली पोरं त्याला रस्त्यात थांबवून टायर कुठला, कार्बोरेटरचा जेट कुठला म्हणून विचारायची. घरी आम्ही त्याची टिंगल करायचो, पण मला त्याचा अभिमान होता आणि बापूंनाही.

शर्यतीला आठवडाभर उरला असताना तो गाडीवरून उतरला, हँडल सोडून दिलं आणि मला म्हणाला, "आते जर घसरनी ना ताई, ते इकी टाकसू हाई गाडी."

पुन्हा क्लच घसरला तर गाडी विकून टाकीन, असं तो म्हणाला. ज्याने लग्न ठरायच्या आधीच वरातीत घोड्याऐवजी हीच गाडी हवी म्हणून वाद घातला होता, तो. मी म्हटलं, विकायचं नंतर बघू, आधी क्लच का घसरतो ते तर बघू दे.

क्लच म्हणजे काय हे मी त्याच दिवशी मोबाइलवर व्हिडिओ बघून समजून घेतलं. आत गोल चकत्यांची चळत असते, त्यांना प्लेटा म्हणतात. एक प्लेट इंजिनाबरोबर फिरते, तिला लागून असलेली चाकाबरोबर, पुन्हा इंजिनाची, पुन्हा चाकाची. वरून स्प्रिंगा त्या सगळ्यांना घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिन फिरलं की चाक फिरतं. डाव्या हाताने लिव्हर ओढली की स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेटा मोकळ्या होतात आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. म्हणजे गाडी आणि इंजिन यांचं नातं लिव्हर धरणाऱ्याच्या चार बोटांत असतं. मला हे इतकं आवडलं की मी व्हिडिओ परत लावला.

घसरणं म्हणजे लिव्हर सोडलेली असूनही प्लेटा एकमेकींना नीट धरत नाहीत. सगळ्यात सोपं कारण केबलचं. केबल जास्त ताणलेली असेल तर लिव्हर न ओढताही थोडी ओढलेलीच राहते. मी लिव्हरच्या मुळाशी बोट घालून बघितलं. सुरुवातीला जेवढी ढिली हवी तेवढी ढिली होती. तरी नट फिरवून आणखी सैल केली. भाऊ चक्कर मारून आला. घसरतच होती.

मग बापूंनी सूत्रं हातात घेतली. ओट्यावरच्या खुर्चीतून उठून आले, खाली वाकले, इंजिनाखाली बोट फिरवलं आणि निकाल दिला.

"तेल लागनं म्हनीसन घसरस. कोरडं कर."

लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं, आणि मला ते अगदी पटलं. लूमला क्लच असतो, ब्रेक असतो, आणि दोन्हींना तेलाचं वावडं. एक थेंब लागला तरी मशीन जागेवर थांबत नाही आणि कापडात डाग पडतो, धागे तुटतात. पट्टा घसरायला लागला तर त्यावर राळेची भुकटी टाकतात, की तो पकडतो. आमच्या घरात हे असं ज्ञान आहे की ते कुणी कुणाला शिकवत नाही, पाणी उकळतं हे जसं माहीत असतं तसं माहीत असतं.

तर आम्ही गाडी डाव्या अंगावर भिंतीला टेकवली, किक काढली, उजव्या बाजूचं झाकण उघडलं. प्लेटा तेलाने चिंब होत्या. बापूंनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघ, सांगितलं होतं ना. मी प्लेटा रॉकेलने धुतल्या, फडक्याने पुसल्या, गच्चीवर वर्तमानपत्रावर मांडून उन्हात वाळवल्या. बापूंनी कुठून तरी राळेचा जुना डबा शोधून काढला आणि प्रत्येक प्लेटवर पीठ भुरभुरावं तशी भुकटी टाकली. गिअरला लागेल तेवढं जेमतेम तेल टाकून झाकण लावलं. भाऊ हे सगळं पाहत बसला होता. एरवी आपल्या गाडीला कुणी हात लावला तर तो अंगावर येतो. त्या दिवशी काही बोलला नाही. मला वाटलं, हताश झालाय.

त्याने किक मारली, लिव्हर पूर्ण ओढली आणि पहिला गिअर टाकला. ओढलेल्या लिव्हरला गाडी जागेवर उभी राहायला हवी होती. ती उडाली. समोर शेजारणीच्या दारात लेस लावायला आलेल्या साड्यांचे गठ्ठे होते, ती थेट त्यांत शिरली आणि बंद पडली. भाऊ हँडलवर आडवा. त्याला काही लागलं नव्हतं, साड्याही वाचल्या, पण शेजारीण काय काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही. बापू शांतपणे म्हणाले, "पकडस ते खरं."

पकडत होता, पण आता सोडतच नव्हता. राळेने प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या.

मी उधन्याच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेले. म्हातारा गुजराती माणूस, दुकानभर टांगलेल्या केबलींमधून फक्त त्याचं डोकं दिसतं. मी सगळं सांगितलं, राळेसकट. तो हसत सुटला आणि मग माझा पडलेला चेहरा बघून सावरला. "बेन, आ क्लच तो तेल मां ज रहता है. सुका दिया आपने?" या गाड्यांचा क्लच तेलातच राहायचा, तेल त्याला गार ठेवतं. नव्या प्लेटासुद्धा आधी तेलात भिजवूनच बसवतात. तेलाने घसरू नये अशा मालाच्याच त्या बनवलेल्या असतात. फक्त तेल ठरलेलं हवं, मोटारीचं पातळ तेल टाकलं तर त्यात घसरवणारी औषधं असतात. मी तेलाची योग्य बाटली घेतली आणि निघता निघता बघायला म्हणून एक नवी प्लेटही मागून घेतली.

घरी येऊन बापूंना सांगितलं. त्यांनी नवी प्लेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, तेलात राहून पकडतो म्हणजे भारीच वस्तू आहे. चिडले नाहीत, उलट खूश झाले. माझी चौकशी करायची खोड कुठून आली हे कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

आता मला थांबवणारं कुणी नव्हतं. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन मी गाडीपाशी बसायची. राळ काढण्यासाठी प्लेटा पुन्हा धुतल्या आणि नव्या तेलात बुडवून ठेवल्या. नव्या प्लेटशी जाडी लावून बघितली, जुन्या झिजल्या होत्या पण कामातून गेलेल्या नव्हत्या. लोखंडी प्लेटा तापून वाकल्या का, म्हणून त्या कपाटाच्या आरशावर एकेक ठेवून कडेने बोट दाबलं, एकही डुलली नाही. प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या खाचांमध्ये प्लेटांच्या कडांनी बारीक खळगे पाडले होते, ते कानशीने हलक्या हाताने घासून सपाट केले. स्प्रिंगा ओळीने उभ्या करून त्यावर पट्टी ठेवली, सगळ्या एका उंचीच्या. दमलेली स्प्रिंग बसून आखूड होते, असं व्हिडिओत म्हटलं होतं. एकही आखूड नव्हती. सगळं बसवलं, योग्य तेल टाकलं.

भाऊ चक्कर मारून आला आणि मान हलवली. घसरतेय.

मी हात टेकले. म्हणजे तसं म्हटलं, पण झोप येईना. शनिवारी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी मी नव्या प्लेटचे पैसे द्यायला पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे गेले. तो म्हणाला, तुमच्या भावाला सांभाळून चालवायला सांगा, या गाडीचा क्लच फार कडक, लांबच्या रस्त्यावर हात भरून येतो. माझ्या तोंडून लगेच निघालं, नाही हो, आमचा तर मऊ आहे, मी दोन बोटांनी ओढते.

बोलले आणि माझं मलाच ते ऐकू आलं. म्हाताऱ्याने भुवया वर केल्या. दोन बोटांनी ओढला जात असेल तर स्प्रिंगा बघा, म्हणाला. मी म्हटलं, बघितल्या, उंची बरोबर आहे. तो म्हणाला, उंची नाही, ताकद बघा. दोन स्प्रिंगा टोकाला टोक लावून व्हाइसच्या शिकंज्यात धरायच्या, मध्ये वॉशर घालायचा आणि आवळत जायचं. जी आधी दबते ती कमजोर.

रिक्षातून घरी येईपर्यंत मला धीर नव्हता. भाऊ सकाळच्या पाळीला गेला होता. झाकण पुन्हा उघडलं, बापूंच्या जुन्या शिकंज्यात स्प्रिंगा धरल्या. पहिली जोडी सारखीच दबली. दुसऱ्या जोडीतली एक अगदी पार दबून गेली आणि दुसरी जवळजवळ तशीच. मी ती कमजोर बाहेर काढून उजेडात धरली. तार किंचित बारीक होती. एक टोक ताजं घासलेलं, चकचकीत. कुणीतरी लांब स्प्रिंग कापून बाकीच्यांच्या उंचीला आणली होती. अशा तीन निघाल्या, एकाआड एक बसवलेल्या, म्हणजे दाब एका बाजूला पडू नये याचाही विचार केलेला. आणि मी त्या स्प्रिंगा ओळखल्या. लूमच्या होत्या. बापूंच्या सुट्या भागांच्या डब्यात तशाच पडलेल्या असतात. लहानपणी मी त्या बोटांत घालून अंगठ्या म्हणून मिरवायची.

बिघाड सापडला याचा मला आधी खूप आनंद झाला, हे खरं. मग प्रश्न आला, या घातल्या कुणी. बापूंना तर तेलाचंच माहीत नव्हतं. गाडीला हात लावणारं दुसरं कोण होतं.

भाऊ दुपारी आला. डबा ठेवला, ओट्याच्या कडेला बसला. मी तळहातावर तिन्ही स्प्रिंगा धरल्या.

"ह्या कोनी टाक्यात?"

त्याने बघितलं आणि विचारायची गरजच नव्हती. तो म्हणाला, "मीच."

"काबर?" का, म्हणून मी विचारलं.

मग त्याने डावा हात माझ्यासमोर धरला आणि मूठ वळली. वळली म्हणजे अर्धी वळली. "लिव्हर ओढानी ताकदच नही राह्यनी हातमा."

कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणाला, पावसाळ्याच्या आधीपासून. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर व्हायला लागली. मी ओट्यावरच्या शिलाईच्या रिळातून धागा तोडला आणि म्हटलं, डोळे मीट आणि गाठ मार. लूमवरचा माणूस ही गाठ झोपेतही मारतो, दिवसभर तुटलेले धागेच तर जोडायचे असतात. त्याने डोळे मिटले. उजव्या हाताने धागा बरोबर आणला, डाव्याच्या चिमटीत दिला. चिमटीतून धागा केव्हाच खाली पडला होता आणि तो मात्र हवेत गाठ मारत होता. गाठ बसली असं वाटून त्याने डोळे उघडले आणि खाली पडलेल्या धाग्याकडे पाहिलं.

म्हणून त्याने स्प्रिंगा मऊ केल्या होत्या, लिव्हर ओढता यावी म्हणून. त्यामुळे क्लच घसरायला लागला. तो घसरणार हे त्याला ठाऊकच होतं. मी केबल सैल केली, बापूंनी राळ टाकली, मी आरशावर प्लेटा तपासल्या, तो सगळं बघत बसला होता. मला संताप आला. म्हटलं, आम्हाला वेड्यात काढलंस, आठवडाभर.

तेव्हा तो म्हणाला, "गाडी खराब व्हयनी म्हनीसन सोडी, आसं लोके म्हनतीन. हात खराब व्हयना आसं कोनी म्हनाव नही."

माझा राग तिथेच संपला. त्याला क्लच दुरुस्त व्हायला नकोच होता. गाडीवर खापर फोडून, गाडी विकून, मान शाबूत ठेवून त्याला बाजूला व्हायचं होतं. टपरीवरच्या पोरांनी म्हटलं असतं, काय करणार, गाडीच दगा देते. खात्यातही कुणी त्याच्या हाताकडे निरखून बघितलं नसतं. मी एकेक कारण खोडत गेले आणि त्याला लपायला जागा उरली नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"खऱ्या स्प्रिंगा कोठे शेतीस?" कुठे आहेत, असं मी विचारलं.

तो उठला, गाडीची सीट उचलली आणि खालून फडक्याची पुरचुंडी काढली. तीनही होत्या. गंज चढू नये म्हणून तेल लावून ठेवलेल्या.

"बापूले नको सांगू," तो म्हणाला.

मी आत तोंड करून बापूंना हाक मारली. ते झोपेतून उठून आले. मी सगळं सांगितलं, भाऊ जमिनीकडे बघत होता. बापूंनी आधी लूमची स्प्रिंग उचलली, डोळ्यांजवळ नेऊन घासलेलं टोक बघितलं आणि म्हणाले, "काम बेस करं." मग भावाच्या शेजारी बसले. "हात दखाड." त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याने मनगट दाबत दाबत वर गेले, पुन्हा खाली आले. किती तरी वेळ सोडलाच नाही. भाऊ मोठा झाल्यावर बापूंनी त्याचा हात असा धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

रविवारी तो शर्यतीला गेला नाही. सोमवारी आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात होतो. मनगटातली नस दबलीय, डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस दुर्लक्ष झालंय. छोटंसं ऑपरेशन झालं. जोर परत येईल, किती येईल ते आत्ता सांगता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. खात्यातल्या शेठला भावाने स्वतःच जाऊन सांगितलं. त्याला सध्या तपासणीच्या टेबलावर बसवलंय, गाठी मारायच्या नसतात, कापडातला दोष शोधायचा असतो.

गाडी विकायचा विषय कुणी काढला नाही. मी खऱ्या स्प्रिंगा बसवल्या, झाकण लावलं. सुरुवातीला भावाच्या डाव्या हाताला लिव्हर हललीच नाही. दवाखान्यातून दाबायला स्पंजचा चेंडू दिलाय, तो चेंडू घरभर लोळत असतो. संध्याकाळी कामावरून आला की तो गाडीपाशी जातो आणि लिव्हर ओढून बघतो. कुणाला सांगत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते.

गेल्या आठवड्यात लिव्हर अर्ध्याच्या पुढे आली. त्याने सोडली, पुन्हा ओढली, पुन्हा तेवढीच आली. तो तसाच उभा राहिला आणि मग खिडकीकडे वळून माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला, "तू बदल्यात का स्प्रिंगा?"

"नही," मी म्हटलं.

"खरं सांग."

"उघाडी देख."

त्याने खरंच पाना आणला. गाडी भिंतीला टेकवली, उजव्या हाताने बोल्ट सोडवले, झाकण काढलं आणि तिथेच फरशीवर बसून एकेक स्प्रिंग तेलातून बाहेर काढून, उजेडात धरून बघितली. सगळ्या गाडीच्याच होत्या.